बेबी ऑफ शैलजा

अप्पांची गाडी दारात थांबली तेव्हा मी बाजेवर बसले होते आणि बाजेखाली शेगडीत ओवा-शेपा धुमसत होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाहीत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तेसुद्धा बाहेरूनच हाक मारून पुढे जायचे. अप्पा, म्हणजे माझे सासरे, चपला काढून सरळ उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मी घाईघाईनं पदर सावरला. त्यांनी धुराकडे बघत डोळे बारीक केले.

"शैलजा, आवर. पुण्याला जायचंय. बाळाला बघायचंय ना तुला?"

इतके दिवस मी दुसरं काही मागितलंच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती चिमट्यानं निखारे वरखाली करत होती. शेक अर्धवट सोडून मला उठवायला ती एरवी कधीही तयार झाली नसती. त्या दिवशी तिनं शेगडी बाहेर ओढली आणि कपाटातून माझं सैल झंपर काढलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं लोक म्हणतात. मला काही कळलं नाही. मी हिरवी साडी शोधत होते. मुलाला पहिल्यांदा भेटायला जाताना कुठली नेसायची, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

गाडीत सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, माझ्या शेजारी बसल्या. खड्ड्यांचा त्रास होऊ नये म्हणून त्यांनी घरून उशी आणली होती. दादा मागं दुसऱ्या बाजूला. अप्पा पुढं. ड्रायव्हरला ते सारखं सांगत होते, सावकाश घे, तिला टाके आहेत. टेंभुर्णीला गाडी थांबली तर स्वतः उतरून माझ्यासाठी चहा घेऊन आले, खिडकीतून कप दिला आणि विचारलं, साखर कमी नाही ना. ज्या घरात पुरुषांचं जेवण झाल्याशिवाय सुनेचं ताट वाढलं जात नाही, त्या घराचा मालक मला साखरेचं विचारत होता. दोन वर्षांत मी त्यांच्याशी सलग चार वाक्यं बोलले नव्हते. मी म्हटलं, बरोबर आहे. मनात म्हटलं, नातू झाला की माणसं बदलतात.

*

पुढचं मला सलग सांगता येत नाही, कारण मला ते सलग मिळालं नाही. इकडचं मी जगले. तिकडचं नंतर वर्षभर नागेशच्या, माझ्या नवऱ्याच्या, तोंडून ओढून ओढून काढलं, थोडं डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवते.

*

इकडे.

बाळ बार्शीत झालं, सिझर करून. पडद्याच्या वरून त्यांनी मला ते दाखवलं. ओठ जांभळे होते, नखंही. मी विचारलं, असा का दिसतोय. कुणीतरी म्हणालं, गार वाटतंय त्याला. मग मला गुंगी आली. जाग आली तेव्हा पाळण्यात नुसती दुपटी होती.

आई म्हणाली, कावीळ आहे. पुण्याला काचेच्या पेटीत ठेवलंय. हल्ली सगळ्यांचीच ठेवतात, त्या निळ्या उजेडात. आठ-दहा दिवसांत येईल.

तिकडे.

कावीळ नव्हती. हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात, त्या माझ्या मुलाच्या एकमेकींच्या जागी होत्या. त्यामुळे शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच जात होतं आणि अशुद्ध अंगभर फिरत होतं. ऑपरेशन करून दोन्ही आपापल्या जागी लावता येतात, दहातली नऊ मुलं छान वाचतात, असं पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं.

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून अप्पांनी माझ्या वडिलांना फोन केला. ऑपरेशनचं बोलून झाल्यावर म्हणाले, ओली बाळंतीण आहे, तिच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. दूध आटेल, डोक्यावर परिणाम होईल. दादा हो म्हणाले. आईनंही हो म्हटलं, आणि तिचं मी समजू शकते. तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ असंच बाळंतपणात गेलं होतं. कुणीतरी तिला भसकन सांगितलं आणि ती पुढं कधी धड झाली नाही. न्हाणीत तासन्‌तास पाणी ओतत बसायची. आईनं ते बघितलेलं होतं. ती माझ्याशी खोटं बोलत होती ते जीव तोडून बोलत होती.

*

इकडे.

टीव्ही दुसऱ्या खोलीत नेला. भेटायला येणाऱ्या बायकांना अंगणातच गाठून आई काहीतरी सांगायची. त्या आत येऊन माझ्या गालाला हात लावायच्या आणि फार बोलायच्या. एकीनंही बाळ कोणावर गेलंय असं विचारलं नाही. बार्शीतली बाई बाळंतिणीला भेटायला येते आणि हे विचारत नाही, असं होत नाही.

दूध भरून यायचं. मी वाटीत पिळून ठेवायचे. पुण्याला पाठवा म्हणायचे. आई वाटी घेऊन जायची. ती ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायची, कारण दूध पायदळी जाऊ द्यायचं नसतं. हे मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ती म्हणाली, आजचं जरा नासलं होतं गं.

संध्याकाळी नागेशचा फोन यायचा.

"दूध पितो का?"

"पितो की."

"कशानं पाजतात?"

"वाटी-चमच्यानं. सिस्टर पाजते."

"रडतो का फार?"

"नाही. शांत आहे."

"फोटो काढ ना एखादा."

"फोन आत नेऊ देत नाहीत."

"दिसतो कसा?"

तो म्हणाला, "अप्पांसारखा."

*

पाचवी.

इकडे पाचवीच्या पूजेला बाळ नव्हतं. पाचव्या रात्री सटवी येऊन कपाळावर लिहून जाते. आता कपाळच नाही तर ती लिहिणार कशावर. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी तोड काढली. वरवंटा धुऊन, दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत ठेवला. काजळही लावलं त्याला. मला हसू आलं. फोटो काढा म्हटलं मी, मोठा झाल्यावर दाखवू त्याला. आई खोलीतून बाहेर गेली. मला वाटलं दूध उतू गेलं असेल.

तिकडे त्या दिवशी सकाळी त्याला ऑपरेशनला नेलं होतं. ते नीट पार पडलं. मोठ्या वाहिन्या बदलून झाल्या. आणखी दोन असतात, हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या, शेवईहून बारीक. मोठ्या वाहिनीच्या भिंतीच्या तुकड्यासकट त्या कापून नव्या जागी शिवाव्या लागतात. त्याही शिवून झाल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, पहिला टप्पा चांगला गेला, पण दोन दिवस जागचे हलू नका. त्या बारीक वाहिन्या नव्या जागी कशा बसतात ते बघावं लागतं.

अप्पांनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते गाडी काढून गावी गेले. नातू वाचला तर महादेवाला अभिषेक करीन, असं बोलले होते.

*

पाचवीचा दुसरा दिवस.

तिकडे. सकाळी मॉनिटरवरची रेघ बदलली. शिवलेल्या दोनपैकी एक वाहिनी कुठंतरी दुमडली होती किंवा ताणली गेली होती. हृदयाचा डावा भाग उपाशी पडायला लागला होता. ऑपरेशन केलेल्या डॉक्टर काझींनी नागेशला आत बोलावलं. लगेच पुन्हा उघडावं लागेल, धोका मोठा आहे, पण थांबण्यात त्याहून मोठा आहे, सही करा.

नागेश म्हणाला, अप्पांना विचारतो.

अप्पा ओलेत्यानं गाभाऱ्यात बसले होते. फोन शर्टाच्या खिशात आणि शर्ट देवळाबाहेरच्या खुंटीला.

डॉक्टर म्हणाल्या, मग बाळाच्या आईला विचारा.

"तिला यातलं काही सांगितलेलं नाही मॅडम."

"मग आता सांगा."

"ओली बाळंतीण आहे."

"तिचं बाळ आहे ते. नंबर द्या, मी बोलते."

माझा नंबर त्यानं दिला नाही. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, पुढं कितीतरी महिन्यांनी, भिंतीकडे तोंड करून. म्हणाला, तू हो म्हटलं असतंस आणि बाळाला काही झालं असतं तर अप्पांना मी काय सांगितलं असतं?

इकडे. त्या सकाळी फोन माझ्या हातात होता. छातीत दूध दाटून ताप चढला होता म्हणून मी लवकर जागी होते, आणि उगाचच त्याला फोन लावत होते. एकदा त्यानं कट केला. मग उचलला.

"काय चाललंय?"

"काही नाही. पेटीची काच पुसतायत. नंतर करतो."

मी बरं म्हटलं. शेवयांची खीर खाल्ली. झोपले.

तिकडे. शेवटी डॉक्टरांनी आणखी एका डॉक्टरला बरोबर घेऊन आपल्या दोघांच्या सहीवर त्याला पुन्हा आत नेलं. वाहिनी सरळ केली. तोपर्यंत हृदयाचा मोठा तुकडा मेला होता. छाती शिवताच येईना. बाहेरच्या मशीनला जोडून त्याला परत आणलं. आता रक्त मशीन फिरवत होतं.

अप्पांचा फोन लागला तेव्हा ते पंगतीला वाढत होते.

*

तर गाडी पुण्याला पोचली.

चौथ्या मजल्यावर एक मोठी खोली होती, खुर्च्या मांडलेली. नागेश तिथं बसला होता. दाढी वाढलेली, शर्ट कितव्या दिवसाचा होता कुणास ठाऊक. मला बघून उठला आणि माझ्याकडे यायच्या ऐवजी अप्पांकडे गेला. मी म्हटलं, कावीळ उतरली का? तो बुटांकडे बघत राहिला. आत्याबाई म्हणाल्या, बस गं आधी, दमली असशील.

भिंतीवरच्या कर्ण्यातून आवाज आला. बेबी ऑफ शैलजाचे नातेवाईक, काउंटरपाशी या.

मी दचकले. माझं नाव असं मोठ्यांदा आजवर शाळेतच काय ते घेतलं गेलं होतं. बाळाचं बारसं व्हायचं होतं, म्हणून तिथं ते माझ्या नावानं होतं: पायातल्या पट्टीवर, औषधांच्या बाटल्यांवर, प्रत्येक कागदावर. इतके दिवस दिवसातून अनेकदा तिथं माझं नाव पुकारलं जात होतं आणि त्या नावाला ओ देत अप्पा नाहीतर नागेश उठून जात होते. आताही ते दोघं उठले. सवयीनं. त्यांच्यामागं दादा उठले, मीही उठले. दारातल्या वॉचमननं हात आडवा धरला. एवढे नाही, दोघं-तिघंच सोडतो. तुम्ही कोण?

"शैलजा."

त्यानं पट्टी बघावी तसं माझ्याकडे बघितलं आणि हात काढला. आत्याबाई बाहेर राहिल्या.

डॉक्टर काझी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असाव्यात. मिरजेकडचं मराठी. मला खुर्ची देऊन त्या टेबलाच्या पुढच्या बाजूला येऊन बसल्या. आधी अप्पांकडे बघून म्हणाल्या, यांना सगळं सांगितलंय ना? अप्पा म्हणाले, थोडंफार.

मग त्या बोलायला लागल्या आणि मी ऐकायला लागले. थोडंफार माहीत असलेल्या बाईशी बोलतात तसं त्या बोलत होत्या. दुसऱ्या ऑपरेशननंतर. मशीनवर. परवा रात्री मेंदूतही रक्तस्राव झालाय. मी मध्येच विचारलं, दुसऱ्या म्हणजे? पहिलं कधी झालं?

तिघांकडे एकेक करून बघितलं त्यांनी. त्यांचा चेहरा इतका लाल झाला की मला वाटलं आता हाकलतील सगळ्यांना. तसं काही केलं नाही. एक कोरा कागद घेऊन त्यांनी हृदय काढलं आणि अगदी पहिल्यापासून, जांभळ्या ओठांपासून, सगळं सांगितलं. खालच्या आवाजात. बाळाच्या आईला फोन करा म्हणून त्यांनी किती वेळा सांगितलं होतं तेही. मी विचारलं, त्या सकाळी लगेच नेलं असतं तर?

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "लगेच नेलेलीही काही मुलं जातात. पण वेळ गेला, हे खरं आहे. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही."

मग त्या मूळ गोष्टीवर आल्या. हृदय आपलं आपण चालत नाही. चालेल असं आता कुणालाच वाटत नाही. मशीन आणखी काही दिवस ओढेल, पण तेवढंच. तुम्ही म्हणालात तर चालू ठेवू. थांबवायचं म्हणालात तर थांबवू. परवापासून मी विचारतेय, मला उत्तर मिळत नाहीये.

मग अप्पांनी घसा साफ केला.

"आम्ही काय सांगणार मॅडम. शेवटी आई आहे ती. तिला आणलंय ना आता. ती सांगेल. तिचा शब्द आम्हाला मान्य."

उशी. चहा. साखर कमी नाही ना.

मला राग यायला हवा होता, पण आधी आलं ते वेगळंच. मला एकदम माझ्या साडीची लाज वाटली.

*

मी म्हटलं, आधी बघते.

सिस्टर लिन्सी नावाची केरळची मुलगी होती, तिनं मला गाऊन घातला, हात धुवायला लावले. काचेची पेटी नव्हतीच तिथं. उघडा पलंग होता आणि त्यावर तो. अंग सुजून टम्म. छाती उघडीच ठेवली होती, वर पातळ पारदर्शक कापड चिकटवलेलं. माझ्या बोटाएवढ्या जाड दोन नळ्या त्याखालून निघत होत्या, एकीत काळसर रक्त, एकीत लाल. कापडाखाली काहीतरी मधूनच थरथरल्यासारखं करायचं. सिस्टर म्हणाली, हात लावा मॅडम, चालते. पायाची बोटं काळी पडली होती. मी टाचेला हात लावला. टाच उबदार होती. मशीनची ऊब ती, सिस्टरला विचारून घेतलं मी.

अप्पांसारखा तो अजिबात नव्हता. कान दादांचे होते.

परत आले तेव्हा तिघं होते तिथंच बसले होते. डॉक्टर दाराशी उभ्या होत्या. मी बसले नाही. बसून पुन्हा उठायला टाके देत नव्हते. मी म्हटलं, मी सांगते. पण मला कळू दे, तुमचं प्रत्येकाचं काय म्हणणं आहे. चालू ठेवायचं की थांबवायचं. एवढंच सांगा.

आधी दादांना विचारलं. दादा म्हणाले, पोरी, लेक दिली की आम्ही बोलायचं नसतं. तुझ्या सासरच्यांचा निर्णय आहे हा.

अप्पांना विचारलं. ते म्हणाले, सगळं त्या महादेवाच्या हातात आहे.

"महादेवाला मी विचारत नाही अप्पा. तुम्हाला विचारते."

"तू काय वाकड्यात बोलतेस? मी म्हटलं ना, तुझा शब्द."

"त्या सकाळी का नव्हता माझा शब्द?"

त्यांनी दादांकडे बघितलं, तुमच्या मुलीला आवरा अशा नजरेनं. दादा खिडकीबाहेर बघायला लागले.

मग नागेश. त्याचे डोळे सुजले होते. तो आठ-नऊ रात्री त्या खुर्चीत झोपला होता, हे मी विसरत नाही. मी त्याच्या समोर गेले.

"तू बाप आहेस. तू सांग."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

आमच्या लग्नात हे वाक्य त्यानं त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. टेबलफॅन घेतानासुद्धा अप्पांना फोन केला होता.

मी आणखी थोडा वेळ थांबले. खरंच थांबले. कुणीतरी एकानं म्हणावं, चालू ठेवा. चुकीचं असलं तरी म्हणावं, वेड्यासारखं हट्ट करून म्हणावं, म्हणजे मी त्याच्याशी भांडले असते आणि ते आमचं भांडण झालं असतं, दोघांचं. किंवा म्हणावं, बंद करा. कुणी काही म्हणालं नाही. आत ते मूल काळं पडत चाललं होतं, बोटापासून वर. ही माणसं मोठी होईपर्यंत त्याला तिथं ठेवणं मला जमेना.

मी डॉक्टरांना म्हटलं, बंद करा.

तिघांचेही खांदे खाली आले. मी बघितलं ते. ओझं उतरवल्यावर हमालाचे येतात तसे.

*

गेल्या वैशाखात नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात माझ्यामागं दोन बायका बसल्या होत्या, नात्यातल्याच. एक दुसरीला सांगत होती, हीच ती, हिनंच सांगितलं होतं बंद करायला. सगळे हात जोडत होते, राहू दे म्हणून. काळीज दगडाचं लागतं बाई.

मी मागं वळले नाही. मला आता चौदा वर्षांचा मुलगा आहे, तो शेजारीच बसला होता आणि आइस्क्रीम खात होता.

*

डॉक्टर म्हणाल्या, थांबवताना घरचं कुणी जवळ असलं तर बरं. आईला मांडीवर घ्यायचं असेल तर आम्ही नळ्या काढून देऊ.

मी आतल्या दाराकडे निघाले तर आत्याबाई आडव्या आल्या. त्यांना कुणीतरी बाहेर सांगितलं असावं. रडत होत्या. माझा दंड धरून म्हणाल्या, आता तू नको जाऊस. खाली गाडीत बस. ओल्या अंगानं असलं बघू नये, उद्या दुसरं व्हायचंय तुला. मागून अप्पा म्हणाले, बरोबर आहे, तिला खाली न्या. दादांनी माझा दुसरा दंड धरला. हळू धरला, टाके होते ना.

इतके दिवस मला काही कळू द्यायचं नाही म्हणून ज्यांनी खोलीचं दार सांभाळलं, ते सगळे पुन्हा आपापल्या जागी उभे होते. मध्ये फक्त तेवढा वेळ, ते एक वाक्य बोलण्यापुरती, मी ओली नव्हते.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

सासूबाईंना आत्याबाई न म्हणता मी तेव्हा पहिल्यांदा बोलले. त्यांचा हात सुटला. दादांचा मी सोडवला.

आत त्यांनी पडदे ओढले. मशीन थांबलं की आवाज थांबतो हे मला माहीत नव्हतं. इतका वेळ तो आवाज चालू आहे हेच लक्षात आलं नव्हतं. नळ्या काढायला वेळ लागला. सिस्टर लिन्सीनं छातीवर पट्टी बांधली, पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. सुजल्यामुळे तो जड होता, मोठ्या मुलासारखा. मी त्याचा कान धरून बसले. काय केलं असं कुणी विचारलं तर एवढंच. बोलले काही नाही. नाव नव्हतं, हाक काय मारणार.

बऱ्याच वेळानं उठले आणि त्याला घेऊन चालायला लागले. सिस्टर म्हणाली, मॅडम, असे नाही न्यायचे, प्रोसिजर आहे. पण तिनं अडवलं नाही, दार उघडून धरलं.

बाहेर अप्पा खिडकीपाशी फोनवर होते. माझ्याकडे पाठ होती. गावाकडचं कुणीतरी असावं.

"नाही, नाही. आम्ही तर शेवटपर्यंत तयार होतो. पण तिला बघवेना. तिनंच सांगितलं. आईच म्हटल्यावर आपण काय..."

मी जाऊन समोर उभी राहिले.

"घ्या."

त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून नागेशकडे बघितलं. नागेश खुर्चीत डोकं धरून बसला होता. दादा भिंतीशी.

"नागेशकडे दे."

"तुम्ही घ्या."

इतक्या दिवसांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. एका हातानं घेता येण्याजोगा तो नव्हता. त्यांनी फोन मान वाकडी करून खांद्यात धरला आणि दोन्ही हात पुढं केले. मी ठेवला. फोन निसटून फरशीवर पडला, त्यातून कुणीतरी अप्पा, अप्पा करत राहिलं. ते वाकू शकत नव्हते. कापडातून त्याचं डोकं मागं घरंगळायला लागलं होतं.

"डोकं धरा नीट," मी म्हटलं. "मान धरली नव्हती त्यानं अजून."